आंधळ्या माशाची शुश्रूषा



उदान या पाली ग्रंथात एक लहानसा प्रसंग आला आहे. तथागत भिक्षेसाठी श्रावस्तीकडे निघाले होते. वाटेत, जेतवन आणि श्रावस्ती यांच्या दरम्यान, काही मुले लहान मासे पकडून त्यांचा छळ करीत होती. तथागत मुलांवर रागावले नाहीत. त्यांनी मुलांना एवढेच विचारले की, तुम्हाला दुःखाची भीती वाटते काय आणि दुःख तुम्हाला नकोसे आहे काय? मुलांनी होय म्हणून सांगितले. तेव्हा, ज्याला दुःख नको त्याने उघडपणे वा लपून दुष्कृत्य करू नये, असा उपदेश तथागतांनी त्यांना केला.

आपली मुले मासे छळत नाहीत. ती हौसेने मासे विकत आणतात, काचेच्या पेटीत ठेवतात आणि त्यांना नावे देतात. परंतु ज्या दिवशी त्यांतला एखादा मासा जखमी होतो किंवा आंधळा होतो, त्या दिवशी घरातील मोठ्या माणसांची परीक्षा असते. आजच्या पाठात आपण या परीक्षेचा विचार करू.

१. घडलेली गोष्ट

मी अमरावतीला शिक्षक आहे. माझी थोरली बहीण अकोल्याला राहते. भाचीच्या हट्टासाठी तिने दोन फूट लांबीची काचपेटी घेतली होती. तीत दोन सोनमासे होते, एक नारिंगी आणि एक काळा, फुगीर डोळ्यांचा. दुकानात त्या काळ्याला ब्लॅक मूर म्हणतात. शिवाय चार पट्टेरी टायगर बार्ब होते. उन्हाळ्याच्या सुटीत मी गेलो तेव्हा काळ्या माशाचा उजवा डोळा फुटून गेलेला होता आणि डाव्यावर दुधासारखा पडदा आला होता. भाची म्हणाली, "मामा, हा काचेवर धडकते. याले दिसत नाही. काहून?"

शेजारच्या आजी तिथेच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पोरी, आंधया मासा घरात ठेवू नोको. मेला तं मरू दे. मासा मरते तवा घरावरची इडापिडा घेऊन जाते."

आजींना मी मनात हसलो. मी पदवीधर. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस. मी लगेच दुकानातून निळे औषध आणले, अंदाजाने पेटीत ओतले. पाणी निळेभोर झाले म्हणून संध्याकाळी सगळे पाणी काढून थेट नळाचे पाणी भरले. फिल्टरचा स्पंजही नळाखाली पिळून काढला. तिसऱ्या दिवशी सकाळी मासा मेलेला दिसला. आंधळा नव्हे, नारिंगी. ज्याला काहीही झाले नव्हते तो.

आजी म्हणाल्या, "पाहा, गेली इडापिडा." भाचीने माझ्याकडे पाहून विचारले, "मामा, तो इडापिडा घेऊन गेला, का आपणच मारलं त्याले?"

बंधू-भगिनींनो, या प्रश्नाला एकच खरे उत्तर होते आणि ते मी दिले. आपण मारला. खरे म्हणजे मी मारला. अज्ञानाने आणि दयेच्या घाईने मारला.

माशाच्या मरणाने घरावरचे संकट टळते, ही समजूत आज वास्तुशास्त्राच्या नावाखाली काचपेटीबरोबरच विकली जाते. तिच्यातला खरा दोष असा की, ती मरणाचे कारण शोधू देत नाही. मासा मेला की घरच्यांना हायसे वाटते आणि पुढच्या आठवड्यात त्याच पाण्यात नवा मासा येतो. 'हे असल्यामुळे ते होते' हा तथागतांनी शिकवलेला कार्यकारणाचा विचार जर घरात आणायचा असेल, तर तो काचपेटीपासूनही आणता येईल. मासा नशिबाने मरत नाही. पाण्याने मरतो, उष्णतेने मरतो, जखमेने मरतो, आणि पुष्कळदा मालकाच्या हाताने मरतो.

२. शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण

विनयपिटकाच्या महावग्गात एका आजारी भिक्षूची कथा आहे. पोटाच्या विकाराने तो स्वतःच्याच घाणीत पडून होता आणि त्याची कोणी विचारपूस करीत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले आणि उचलून मंचकावर निजवले. याच ठिकाणी शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत. तो औषध तयार करू शकतो. हितकर काय आणि अहितकर काय हे त्याला कळते. तो लाभासाठी नव्हे, तर मैत्रीच्या चित्ताने शुश्रूषा करतो. मलमूत्राची किळस तो करीत नाही. आणि वेळोवेळी तो रुग्णाचे मन प्रसन्न करतो.

हे गुण माणसाच्या शुश्रूषेसाठी सांगितले आहेत. पण काचपेटीपुढे उभे राहून मी ते एकेक ताडून पाहिले, तेव्हा माझ्यात त्या दिवशी एकही पुरता नव्हता असे दिसले. आता क्रम थोडा बदलून आपण ते पाहू.

३. हितकर आणि अहितकर ओळखणे

पहिली गोष्ट पाणी. अमरावतीचे पाणी ऊर्ध्व वर्धा धरणातून येते, अकोल्याचे काटेपूर्णा धरणातून. ते शुद्ध करताना त्यात क्लोरीन घातलेला असतो. आपल्याला तो हितकर आहे, कारण तो रोगजंतू मारतो. माशाचे कल्ले मात्र अतिशय नाजूक असतात आणि क्लोरीनने ते पोळतात. म्हणून नळाचे पाणी उघड्या बादलीत निदान एक दिवस ठेवून मगच वापरावे. घाई असेल तर दुकानात क्लोरीन मारणारे थेंब मिळतात. एका वेळी चौथा हिस्सा पाणी बदलावे, त्याहून अधिक नको. नवे पाणी जुन्याइतकेच थंड वा कोमट असावे.

ज्यांच्या घरी बोअरचे पाणी आहे त्यांनी आणखी एक विचार करावा. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतून खारपाणपट्टा गेला आहे. तिथले भूजल खारट असते. ते पाणी शेताला मानवत नाही, माशालाही सरसकट मानवत नाही. चवीला खारट लागणारे पाणी पेटीत घालू नये.

दुसरी गोष्ट उष्णता. पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. २० अंशांवर एका लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांवर साडेसात. शिवाय तापलेल्या पाण्यात माशाला प्राणवायू लागतोही जास्त. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, त्यात वीज गेली की हवेचा पंप बंद. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागले तर समजावे की त्यांचा जीव गुदमरतो आहे. अशा वेळी लोट्याने पेटीतलेच पाणी घेऊन वीतभर उंचीवरून पुनःपुन्हा सोडावे. पेटी खिडकीपासून दूर ठेवावी, वरचे झाकण काढून जाळी घालावी आणि पंख्याचा वारा पाण्यावरून जाऊ द्यावा. मडक्यातले पाणी जसे बाष्पीभवनाने गार होते, तसेच हेही होते. बर्फ टाकू नये. एकदम होणारा बदल जखमी माशाला सोसत नाही.

तिसरी गोष्ट पेटीतील वस्तू आणि सोबती. बहिणीच्या पेटीत शोभेचा एक अणकुचीदार दगड होता. फुगीर डोळ्यांच्या माशाची नजर मुळातच मंद, आणि डोळा अंगाबाहेर आलेला. तो दगडावर घासला गेला असावा. टायगर बार्बही या माशांचे योग्य सोबती नव्हेत. ते चपळ असतात आणि संथ माशांचे पर कुरतडतात. जखमीच्या मागे तर ते लागतातच. विकत घेताना कोणता मासा कोणाबरोबर राहू शकतो हे विचारून घेणे, हा शुश्रूषेचाच आरंभ आहे.

४. घाणीची किळस न करणे

मासा आपल्या शरीरातील टाकाऊ द्रव्य मुख्यतः अमोनियाच्या रूपाने कल्ल्यांतून पाण्यात सोडतो. नदीत ते वाहून जाते. काचपेटीत ते तिथेच राहते. म्हणजे मासा स्वतःच्याच घाणीत पडून असतो, त्या भिक्षूसारखा, आणि त्याला उठून दुसरीकडे जाता येत नाही.

फिल्टरच्या स्पंजात आणि वाळूत सूक्ष्म जीवाणू राहतात. ते अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट विषारी, नायट्रेट त्या मानाने सौम्य. नव्या पेटीत हे जीवाणू पुरेसे वाढण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. मी निळे औषध ओतले आणि स्पंज क्लोरीनच्या पाण्यात पिळला, तेव्हा हेच जीवाणू मेले. कल्ले क्लोरीनने पोळले, वर अमोनिया साचत गेला. पाणी जितके अल्कधर्मी आणि जितके गरम, तितका अमोनिया अधिक मारक. नारिंगी मासा असा मेला. इडापिडा कुठेच नव्हती.

म्हणून स्पंज धुवायचा तो पेटीतून काढलेल्या पाण्यातच, हलक्या हाताने. तळाशी बसलेली विष्ठा आणि उरलेले खाद्य नळीने ओढून काढावे. हे काम मुलांवर ढकलून मोठ्यांनी बाजूला होऊ नये, दोघांनी मिळून करावे. काढलेले पाणी झाडांना घालावे, त्यांना ते खतासारखे लागू पडते.

५. औषध

जखमी माशाला शक्य तर वेगळा टब द्यावा. साबण वा फिनाइल कधीही न लागलेला, १५ ते २० लिटर पाणी मावणारा प्लॅस्टिकचा टब पुरे. त्यात हवेचा दगड सोडावा, वर जाळी घालावी, जागा शांत आणि अर्ध्या उजेडाची असावी. मासा जाळीने उचलू नये, कारण खवले निघतात आणि फुगीर डोळा अडकतो. पाण्याखाली वाडगा धरून पाण्यासकट मासा उचलावा. हात लावावा लागलाच तर आधी ओला करावा. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर म्हणजे त्याचे पहिले संरक्षण आहे, तो कोरड्या हाताने पुसला जातो.

आता मीठ. गोड्या पाण्यातील माशाचे शरीर आतून पाण्यापेक्षा खारट असते. त्यामुळे पाणी सतत त्याच्या अंगात शिरत असते आणि ते बाहेर टाकण्यात त्याची शक्ती खर्च होते. जखम झाली की पाणी आणखी शिरते. पाण्यात थोडे मीठ असेल तर हा भार हलका होतो. प्रमाण असे. एका लिटरला एक ग्रॅम खडे मीठ. किराणा दुकानातून २० ग्रॅमच्या पुड्या तोलून आणाव्यात. २० लिटरच्या टबाला एक पुडी, ती वेगळ्या पाण्यात विरघळवून दिवसभरात तीन वेळा थोडी थोडी घालावी. पुढच्या दोन दिवसांत गरज वाटली तर वाढवत जावे, परंतु लिटरला तीन ग्रॅमच्या वर जाऊ नये. मांगूरसारख्या बिनखवल्यांच्या माशांना मीठ सोसत नाही, त्यांना ते देऊ नये.

इथे एक चूक हमखास होते. उन्हाळ्यात टबातले पाणी आटते. पाणी उडून जाते, मीठ उडत नाही. म्हणून आटलेले पाणी साध्या पाण्याने भरावे. मीठ पुन्हा घालायचे ते फक्त काढून बदललेल्या पाण्यापुरतेच. टबात फिल्टर नसल्यामुळे रोज चौथा हिस्सा पाणी बदलावे लागते, याचा विसर पडू नये.

एकच डोळा सुजला असेल तर बहुधा मार लागलेला असतो. दोन्ही सुजले तर पाणी बिघडले आहे किंवा आत रोग आहे असे समजावे. जखमेवर कापसासारखी बुरशी आली, खवले उभे राहून अंग अननसासारखे दिसू लागले, किंवा आठवड्यात काहीच फरक पडला नाही, तर घरगुती उपाय थांबवावेत आणि पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा. अकोल्यात पशुवैद्यक व पशुविज्ञानाची स्नातकोत्तर संस्था आहे, नागपुरात मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. दोन्ही महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत आहेत. माशासाठी डॉक्टरकडे जाण्याची लाज वाटू देऊ नये. दुकानातील रंगीत औषधे आणि माणसांच्या प्रतिजैविकांच्या गोळ्या अंदाजाने पाण्यात टाकू नयेत. त्याचे फळ मी पाहिले आहे.

कुरतडलेला पर बुडापासून शाबूत असेल तर काही आठवड्यांत पुन्हा वाढतो. गेलेले खवले पुन्हा येतात. पडदा आलेला डोळा पाणी सुधारल्यावर कधी कधी स्वच्छ होतो. पण फुटून गेलेला डोळा परत येत नाही. मुलांना हे खरे सांगावे.

६. प्रसन्न करणे : आंधळ्या माशाचे जग

माशाला उपदेश कळत नाही. मग पाचवा गुण इथे कसा लागू व्हायचा? त्याच्या जगात त्याला निर्धास्त करून.

मासा आंधळा झाला म्हणजे त्याचे जग संपले असे नाही. त्याच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना डोक्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेषा असते, तिला पार्श्वरेषा म्हणतात. पाण्यातील लहानसहान हालचाल आणि दाब तिने त्याला कळतो. वासाची जाणीव तर पुष्कळ माशांना तीव्र असते. केरळात कोट्टायमच्या विहिरींत एक इवलासा मासा सापडतो. त्याला डोळेच नाहीत, जमिनीखालच्या अंधाऱ्या पाण्यात तो पिढ्यान्‌पिढ्या जगत आला आहे. १९५० मध्ये शास्त्रज्ञ मेनन यांनी त्याचे प्रथम वर्णन केले. मेक्सिकोच्या गुहांतील आंधळे मासे तर जगभर लोक काचपेटीत पाळतात. आपल्या माशाला मात्र हे शिकायला वेळ द्यावा लागतो, कारण काल-परवापर्यंत तो डोळ्यांनी जगत होता.

त्यासाठी पुढील नियम पाळावेत.

(अ) पेटीतील मांडणी एकदा ठरवली की बदलू नये. आंधळ्या माणसाच्या घरात आपण रोज खाट हलवीत नाही.

(आ) टोकदार दगड आणि प्लॅस्टिकची झाडे काढावीत. तळाशी गोल, गुळगुळीत गोटे किंवा वाळू ठेवावी.

(इ) खाद्य ठरलेल्या वेळी, ठरलेल्या कोपऱ्यात द्यावे. त्याआधी बोटाने काचेवर तीनदा हळूच टिचकी द्यावी. काच बडवू नये, त्याने मासा घाबरतो.

(ई) तरंगणारे खाद्य आंधळ्याला सापडत नाही. बुडणारे दाणे पेटीतल्याच पाण्यात भिजवून द्यावेत. सोनमाशाला उकडून साल काढलेला मटारचा दाणाही चालतो. इतर मासे असतील तर त्यांना आधी दुसऱ्या टोकाला खाऊ घालावे.

(उ) न खाल्लेले काही मिनिटांत काढावे, नाही तर तेच सडून अमोनिया होते.

पहिले चार दिवस आमच्या काळ्या माशाने काही खाल्ले नाही. पाचव्या दिवशी त्याने तोंडाशी आलेला एक दाणा घेतला आणि थुंकला. सहाव्या दिवशी गिळला. भाचीने वहीत तारीख घालून तसे लिहून ठेवले. अंदाजाने औषध ओतण्यापेक्षा ही वही मोठी विद्या आहे.

७. लाभाशिवाय मैत्री

दिसणारा, चमकणारा मासा आपण शोभेसाठी ठेवतो. आंधळा मासा शोभेचा राहत नाही. त्याला ठेवण्यात काही लाभ नाही, आणि म्हणूनच तो मैत्रीची कसोटी पाहतो. तो पाण्यात स्वतः आला नाही, आपण त्याला आणून कोंडले. त्याला दुसरे पाणी शोधता येत नाही, भक्ष्य शोधता येत नाही, वैऱ्यापासून पळता येत नाही. त्याची ही सर्व सामर्थ्ये आपण काढून घेतली, तेव्हा ती त्याला आपणच पुरवली पाहिजेत.

काही जण म्हणतील, मग त्याला वडाळी तलावात किंवा छत्री तलावात सोडून द्यावे, पुण्य लागेल. हे पुण्य नव्हे. आंधळा मासा तिथे एक दिवस टिकणार नाही. टिकला तर त्याचा रोग तिथल्या माशांना लागेल. शोभेचे परदेशी मासे जलाशयात सोडल्याने स्थानिक माशांची हानी होते, हे आपल्या देशात अनेक ठिकाणी दिसून आले आहे. जिवंत मासा नालीत टाकणे तर क्रूरपणाच होय.

काही जण असेही विचारतील की, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी मासे शिजतात, मग एका माशाची एवढी चिंता कशाला? प्रश्न प्रामाणिक आहे. ताटातील अन्नाचा विचार ज्याने त्याने शीलाच्या प्रकाशात करावा. पण जो जीव आपण पाळण्यासाठी घरात आणला, तो आपल्या आश्रयाला आहे. आश्रिताला उपेक्षेने मारणे हे कोणत्याही हिशेबात बसत नाही. ज्यांना एवढे करणे शक्य नाही, त्यांनी काचपेटी घेऊच नये. तोही करुणेचाच निर्णय आहे.

८. समारोप

बहिणीच्या घरी तो काळा मासा आजही आहे. टायगर बार्ब दुसऱ्या पेटीत गेले, अणकुचीदार दगड अंगणातल्या तुळईखाली पडला आहे. डावा डोळा थोडा स्वच्छ झाला, पण दिसत काही नाही. संध्याकाळी भाची डाव्या कोपऱ्यात तीन टिचक्या देते. मासा वळतो, गोट्यांच्या कडेकडेने, न धडकता, हळूहळू कोपऱ्यात येतो. मागच्या वेळी शेजारच्या आजी पाहत होत्या. थोडा वेळ त्या गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "याले तं कयते वो." आणि दुसऱ्या दिवशी उकडलेला मटार वाटीत घेऊन आल्या.

करुणा म्हणजे डोळ्यांत पाणी येणे नव्हे. बादलीत एक दिवस ठेवलेले पाणी, तोललेली मिठाची पुडी आणि ठरलेल्या वेळी दिलेली टिचकी, म्हणजे करुणा.

कुटुंबात चर्चेसाठी प्रश्न

१. नारिंगी मासा कशामुळे मेला? कारणांची साखळी क्रमाने सांगा.

२. महावग्गातील पाच गुणांपैकी कोणता गुण आपल्या घरात कमी पडतो? घरातील आजारी वा वृद्ध माणसाची आठवण ठेवून उत्तर द्या.

३. 'मासा मेला म्हणजे इडापिडा टळली' या समजुतीमुळे कोणता प्रश्न विचारायचा राहून जातो?

४. टबातील पाणी उन्हाने आटल्यास मीठ पुन्हा का घालू नये?